माळाची चढण

लॉजच्या काउंटरवर मी विचारलं,
इथं जवळपास चढायला काय आहे?
मॅनेजर म्हणाला, जिना.
लिफ्ट बंद आहे शुक्रवारपासून.

सहा दिवसांचं काम, मधे एक रविवार.
बँकेच्या शाखांचे हिशोब तपासत फिरणारा मी, भोरकडचा.
आमच्याकडं खिडकी उघडली की डोंगर आत येतो,
चपला न काढता.
बूट आणलेच होते सवयीनं,
बॅगेच्या तळाशी दीड किलोचं ओझं.

रिक्षावाला म्हणाला, तुळजापूरचा घाट हाय की.
पण चालत कशापायी जायचं? यष्टी जाते.
चादरीच्या दुकानातली बाई म्हणाली,
तळ्याकाठी फिरा संध्याकाळचं, भजी चांगली मिळतात.
शाखेतला शिपाई मकबूल बराच वेळ विचारात पडला,
मग उजळून म्हणाला, किल्ला आहे ना साहेब, भुईकोट!
भुईकोट.
जमिनीवर मांडी घालून बसलेला किल्ला.

सही जुळत नाही म्हणून बाकावर तासभर बसवलेले
अंबादास म्याकल हे सगळं ऐकत होते.
चाळीस वर्षं मागावर, एका डोळ्यात मोतीबिंदू.
पैसे काढायच्या स्लिपमागं त्यांनी उभ्या रेघा मारल्या,
त्यांच्यातून एक आडवी.
तुम्ही ताणा बघून आलाव, म्हणाले.
हितं बाणा चालतो.
नान्नजला उतरा. पाणी दोन बाटल्या.
तारेच्या आत शिरू नका, ते माळढोकाचं हाय.
भाईरचा माळ काय कमी हाय का?

पहिला तास काहीच घडलं नाही.
माझी सावली हीच सगळ्यात उंच गोष्ट.
डोळा सारखा पुढं पळायचा, कडेला जाऊन आपटायचा,
आणि रिकाम्या हातानं परत.
छातीएवढं एक वारूळ लागलं,
त्याला वळसा घातला, उगाच आदरानं.
चंडोल पायाजवळून उडाला, सरळ वर,
आणि वर राहूनच बोलत बसला.
लांब चार काळविटं. माना वळल्या,
मी थांबलो, ती थांबली,
आधी कोण हलतंय याची वाट बघत.
मीच हललो.

शेळ्यांमागचा पोरगा म्हणाला, काय हरवलंय?
काही नाही.
मग काय हुडकताय?
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याला गुडदाणी दिली.
त्यानं ती शर्टाला पुसून खाल्ली.

बाराला बाभळीखाली बसलो.
सावली कसली, चाळण.
कडक भाकरी मोडली तर आवाज एवढा मोठा की
दोन शेळ्यांनी वळून बघितलं.
शेंगाचटणीचा हात धुवायला बाटली कलंडवली,
आणि पाणी निघालं.
गारगोट्यांमधून, मुंग्यांच्या वाटेनं,
न चुकता, मी आलो होतो त्या बाजूला.

म्हणजे मी सकाळपासून चढत होतो.

किती, ते फोननं सांगितलं असतं.
विचारलं नाही.
उठलो आणि तसाच पुढं गेलो, अजून थोडा वर,
सपाट दिसणाऱ्या त्या अंगावर
पावलं जरा जपून टाकत.

रात्री मोज्यांतून कुसळं काढत बसलो.
एक काढावं तर दोन आत शिरायची.
आई म्हणायची ती म्हण आठवली,
माझ्या डोळ्यातलं मुसळ मात्र
सह्याद्रीएवढं, आणि घरचं.

सोमवारी फाइल पुढं आली.
नमुन्याची सही जुनी, अक्षरं तिरकी वर जाणारी.
आताची आडवी, थरथरत, कागदाच्या कडेपर्यंत.
म्याकल बाकावरच होते.
दिसलं का काही? म्हणाले.
काही नाही, म्हटलं.
मग बरोबर गेलाव.
मी ‘म्या’चा काना पुन्हा एकदा बघितला
आणि शेरा लिहिला: जुळते.

लिफ्ट अजून बंदच होती.
तिसरा मजला.
घोट्यापाशी एक कुसळ राहिलंच होतं,
पायरीगणिक सांगत.